दोन अक्षरं भेटतात तिथे: एका जाड ब्रश स्क्रिप्टचा प्रकरण अभ्यास

मागणी सरळ होती. 1950 च्या दशकातल्या नृत्यसंगीताचा एक फिरता कार्यक्रम, त्यासाठी रोमन लिपीतली जाड, ठसठशीत ब्रश स्क्रिप्ट, म्हणजे ब्रशने एकमेकांना जोडून लिहिल्यासारखी अक्षरं, हवी होती, आणि ती फॉन्ट म्हणूनच हवी होती. शीर्षक एकदा रंगवून दिलं की संपलं, असं हे काम नव्हतं. दर प्रयोगाला नवे पाहुणे कलाकार, नवे शब्द, नवं पोस्टर. शिवाय सामान वाहून नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना विनाइलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकच्या पातळ थरात, कापलेली मोठी अक्षरं लागणार होती. शीर्षकातला ‘स्विंग’ हा शब्द तेवढा कायम राहणार होता.

या कामात मी तीनदा चुकले. तिन्ही चुका वरवर पाहता वेगळ्या होत्या: एक अक्षरांच्या जाडीची, एक फॉन्टमधल्या नियमांची, एक प्रत्यक्ष वापरातली. मात्र तिन्ही चुका एकाच जागी घडल्या, दोन अक्षरं जिथे भेटतात तिथे. अशा फॉन्टवर काम करणाऱ्या, किंवा असा फॉन्ट विकत घेऊन वापरणाऱ्या कुणालाही त्या टाळता याव्यात म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कुठल्या काळातलं जुनं?

‘रेट्रो ब्रश स्क्रिप्ट’ म्हटलं की डोळ्यांसमोर एक ढोबळ चित्र येतं: उजवीकडे झुकलेली, हातात हात घातलेली, एका दमात लिहिलेली अक्षरं. त्या चित्रात बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ या छपाईचे खिळे पाडणाऱ्या कंपनीने 1936 साली मॅक्स कॉफमनची ‘कॉफमन’ काढली, तिची रेषा जवळजवळ सगळीकडे सारख्याच जाडीची आहे. त्याच फाउंड्रीने 1942 साली रॉबर्ट स्मिथची ‘ब्रश स्क्रिप्ट’ आणली. तिच्यात ब्रशचा दाब कमी-जास्त होताना दिसतो. फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफोंने 1953 साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ केली आणि 1955 साली ‘शॉक’ ही जाड, जोरकस ब्रशची शैली. आयोजकांनी नमुने म्हणून जी चित्रं पाठवली त्यांत या सगळ्यांची सरमिसळ होती, आणि निम्म्याहून अधिक नमुने तर फॉन्टचे नव्हतेच. ते हाताने रंगवलेलं लेटरिंग होतं.

हा फरक मी पहिल्याच बैठकीत समजावून सांगितला, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर होता. पेंटर जेव्हा एक शब्द रंगवतो तेव्हा ‘ओ’नंतर काय येणार हे त्याला ठाऊक असतं. ‘ओ’ची शेपटी तो त्या हिशोबाने वर उचलतो किंवा खाली आणतो. फॉन्टमधल्या ‘ओ’ला शेजारी कोण बसणार याची कल्पना नसते. धातूच्या खिळ्यांच्या काळात तर एका अक्षराचा साधारण एकच खिळा असायचा, त्यामुळे जोड, म्हणजे एका अक्षराला पुढच्याशी बांधणारी रेघ, सगळ्या अक्षरांना एकाच उंचीवर आणावा लागे. खिळ्याची कड झिजली की दोन अक्षरांच्या मध्ये पांढरी चीर दिसे. एवढं बंधन असूनही ‘मिस्त्राल’ इतकी ओघवती कशी वाटते, हे मी कितीतरी वेळा भिंग घेऊन पाहिलं आहे. पुढे फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने अक्षरं उमटवण्याच्या पद्धतीत, अक्षरं एकमेकांवर चढवता येऊ लागली. 1961 पासून लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरं आली, तिथे जोड जुळवणं घासणाऱ्याच्या हातात होतं. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी 1996 साली ओपनटाइप हा फॉन्ट-फाइलचा नवा प्रकार जाहीर केला, आणि शेजारचं अक्षर पाहून स्वतःचं रूप बदलणारे फॉन्ट करण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला.

आमच्या फॉन्टसाठी मी भरलेल्या, ओल्या ब्रशची स्वच्छ कड निवडली. आयोजकांना आधी सुकत आलेल्या ब्रशचे ओरखडे हवे होते. ते पोस्टरवर आकर्षक दिसतात हे खरं, पण दोन कारणांनी मी नको म्हटलं. त्या काळातले पाटी रंगवणारे पेंटर ब्रश नीट भरून, कड साफ ठेवून काम करायचे. ओरखडे दिसणं हे त्यांच्या लेखी कच्चं काम. दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. ओरखड्यांमुळे एकेका अक्षरात शेकडो नोड, म्हणजे बाह्यरेषेवरचे बिंदू, येतात, आणि विनाइल कापणारं यंत्र त्या प्रत्येक बारीक कपच्याभोवती सुरी फिरवत बसतं. आयोजकांना हे दुसरं कारण लगेच पटलं.

जाडी वाढवताना

पहिली आवृत्ती सगळ्यांना आवडली. फक्त एक निरोप आला: “जरा अजून जाड होईल का? लांबून वाचता आलं पाहिजे.”

वेळ कमी होता. मी फॉन्ट एडिटरमध्ये सगळी अक्षरं निवडली आणि ऑफसेट दिला, म्हणजे अक्षरांच्या कडा बाहेर सरकवल्या, प्रत्येक कडेला 20 एकक. अक्षराची चौकट 1000 एककांची, त्यात 20 म्हणजे फार काही नाही असं वाटलं. निकाल पाहिला आणि पोटात गोळा आला. छोट्या ‘ई’चा डोळा बुजून टाचणीच्या टोकाएवढा उरला होता. ‘ए’चं पोट भरून गेलं होतं. सगळ्यात वाईट अवस्था जोडांची होती. प्रत्येक जोडावर गाठ मारल्यासारखा काळा डाग दिसत होता, आणि शब्द लांबून वाचायला गेलं की अक्षरांऐवजी आधी त्या गाठीच दिसत होत्या.

आकडे मांडले तेव्हा कारण स्पष्ट झालं. मूळ उभी रेघ 150 एकक जाड होती आणि जोडाची वर जाणारी रेघ 48. दोन्ही कडा धरून ऑफसेटने दोघींना 40 एककं दिली. उभी रेघ 190 झाली, म्हणजे सुमारे 27 टक्के जाड. जोड 88 झाला, म्हणजे 83 टक्के जाड. दोघींना सारखी भर घातली आणि त्यांच्यातलं नातंच मोडलं.

ब्रशने लिहिताना असं होत नाही. खाली येताना हात दाब देतो, केस पसरतात, रेघ रुंद होते. वर जाताना हात आपसूक हलका होतो आणि ब्रशचं टोकच कागदाला लागतं. मोठा ब्रश घेतला तरी वर जाणारी रेघ फारशी जाडावत नाही, जाडी सगळी उतरत्या रेघेत जाते. शिवाय मोठ्या ब्रशने लिहिताना अक्षरं थोडी रुंद निघतात, कारण ‘ई’चा डोळा उघडा ठेवायचा तर हाताला मोठं वळण घ्यावंच लागतं. सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नसतं.

म्हणून मी परत कागदावर गेले. अधिक रुंद ब्रश घेतला आणि चार दिवस नुसते शब्द लिहिले, सुटी अक्षरं नव्हे. त्या शब्दांवरून नवी अक्षरं काढली तेव्हा उभी रेघ 190 वरच आली, पण जोड 60 वर थांबला. अक्षरं आडवी थोडी फैलावली. जोड जिथे पुढच्या दांडीला मिळतो त्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी खाच ठेवली, म्हणजे काळेपणा तिथे साचत नाही. पाच फुटांवरून ती खाच दिसत नाही. ती काढून टाकली तर मात्र शब्द लगेच जड वाटतो.

वेळ वाचवायला निघाले आणि आठवडा गेला. तरीही हा आठवडा वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांना त्या चार दिवसांच्या कागदांचा आधार मिळाला.

‘लव्हर्स’ हा शब्द

रोमन जोडलिपीत बहुतेक छोटी अक्षरं तळरेषेवरून पुढे हात देतात. ‘ए’, ‘सी’, ‘ई’, ‘आय’, ‘एन’, ‘यू’ अशी ही मोठी मंडळी. ‘बी’, ‘ओ’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ या चौघांचा हात मात्र वर, कंबरेच्या उंचीवर संपतो. माझ्या आराखड्यात ‘आर’सुद्धा खांद्यावरून पुढे जात होता. म्हणजे पुढचं अक्षर एकदा खालून जोड मागतं आणि एकदा वरून.

देवनागरीत वाढलेल्या माणसाला ही अडचण चटकन जाणवत नाही. आपली शिरोरेषा सगळ्यांना एकाच उंचीवर धरून ठेवते. ‘भ’ आणि ‘ध’ डोक्यावरची रेघ थोडी मोडतात, पण शेजाऱ्याला भेटतात त्याच उंचीवर. रोमन जोडलिपीत असा सामाईक धागा नाही, दर जोडीचा व्यवहार वेगळा ठरवावा लागतो. मला स्वतःला हे नीट उमगायला बरीच वर्षं लागली, आणि ते शिरोरेषेशी ताडून पाहिल्यावरच उमगलं.

पातळ स्क्रिप्टमध्ये यातून पळवाट असते. जोडाची रेघ थोडी ताणून, तिरकी करून दोन्ही उंचींना कशीबशी भेटवता येते. जाड स्क्रिप्टमध्ये ताणायला जागाच नसते. अक्षरं एकमेकांना इतकी चिकटून असतात की जोड मिळून दांडीच्या निम्म्या रुंदीएवढा. तिथे उंची चुकली की पायरी दिसते.

उपाय सर्वश्रुत आहे. ज्या अक्षरांना डावीकडून जोड येतो त्यांचं दुसरं रूप काढायचं, ज्याची सुरुवात कंबरेच्या उंचीवर होते. मग ओपनटाइपच्या ‘कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स’मध्ये, म्हणजे शेजार पाहून अक्षराचं रूप बदलणाऱ्या सोयीत, नियम लिहायचा: मागे या पाचांपैकी कुणी असेल तर पुढच्या अक्षराचं उंच रूप वापर. काढायला सगळ्यात कठीण गेला तो ‘ई’. खालून येणारा ‘ई’ डोळ्यातून वळून वर जातो, तो त्याचा स्वभावच आहे. वरून येणाऱ्या ‘ई’ला ते वळण घेता येत नाही. जोड थेट डोळ्याच्या कपाळावर आदळतो. मी त्याचा डोळा किंचित खाली ओढला आणि जोडाला आधी एक हलकी बुडी दिली, म्हणजे हात क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर आल्यासारखा वाटतो. कागदावरच्या लिहिलेल्या शब्दांत माझा हात हेच करत होता. मी फक्त तिथून उचललं.

‘स्विंग’ टाइप करून पाहिलं. ‘डब्ल्यू’नंतरचा ‘आय’ उंच रूपात आला, शब्द सलग दिसला. मी समाधानाने फाइल पाठवून दिली.

दोन दिवसांनी त्यांच्याकडून चित्र आलं, एका पोस्टरमधला ‘लव्हर्स’ हा शब्द. ‘एल’, ‘ओ’, ‘व्ही’ इथपर्यंत ठीक. पुढे ‘व्ही’चा हात वर आणि ‘ई’ मात्र खालून जोड मागत उभा. मध्ये पायरी, आणि पायरीखाली एक पांढरा त्रिकोण. इतक्या जाड अक्षरांत तो त्रिकोण दात पडल्यासारखा दिसत होता.

आधी मला कळेचना. ‘व्ही’नंतर ‘ई’ हा नियम तर लिहिलेला होता. सुटं ‘व्ही-ई’ टाइप केलं की बरोबर येत होतं. मग लक्षात आलं. नियम डावीकडून उजवीकडे चालतो. ‘ओ’नंतर आलेल्या ‘व्ही’चं आधीच उंच रूप झालेलं असतं, आणि फॉन्टच्या दृष्टीने ते वेगळं अक्षर आहे, त्याचं नावही वेगळं. माझ्या ‘मागे कोण आहे’ या यादीत साधा ‘व्ही’ होता, उंच ‘व्ही’ नव्हता. त्यामुळे साखळी तिसऱ्या अक्षरावर तुटली. ‘स्विंग’मध्ये वरून जोड देणारा एकटा ‘डब्ल्यू’ आहे, म्हणून तिथे हे उघडं पडलंच नाही.

दुरुस्ती एका ओळीची: यादीत पाचही अक्षरांची उंच रूपं घालायची. पण तपासणीची पद्धत मुळातून बदलावी लागली. तोवर मी जोड्या तपासत होते. आता वरून जोड देणारी दोन अक्षरं लागोपाठ आणि मग तिसरं कुठलंही, अशी सगळी त्रिकं छापून भिंतीवर लावली. त्यात आणखी दोन ठिकाणी उंची थोडी चुकलेली सापडली, दोन्ही ‘आर’शी संबंधित.

याच वेळी दुहेरी अक्षरांचाही निकाल लावला. ‘एस’ दोनदा लागोपाठ आला आणि दोन्ही तंतोतंत सारखे दिसले, की हाताने लिहिल्याचा आभास तिथल्या तिथे संपतो. दुसऱ्या ‘एस’ला थोडा वेगळा कल आणि तळरेषेपासून काही एककांची उचल दिली. ‘ओ’, ‘टी’, ‘एल’ यांचंही तसंच केलं.

शब्दाखालून जाणारी लांब शेपटी आयोजकांना फार हवी होती. ती मी तीन लांबींमध्ये काढून दिली, पण ‘स्विंग’साठी वापरू दिली नाही. शेवटचा ‘जी’ खाली उतरतो आणि शेपटीला मधोमध कापतो. त्याऐवजी त्या ‘जी’चंच खालचं वळण लांबवून शब्दाखाली डावीकडे नेलं. मला ते शेपटीपेक्षा जास्त आवडतं, अजूनही.

गाडीवर

तिसरी चूक माझ्या टेबलापासून दूर घडली, तरी जबाबदारी माझीच होती.

सुरुवातीला मी जोडाचं टोक बरोबर पुढच्या अक्षराच्या कडेपाशी संपवलं होतं. दोन आकार नुसते टेकलेले असले की पडद्यावर ठरावीक झूमला मध्ये केसाएवढी फट दिसते. म्हणून प्रत्येक जोड 25 एककं पुढच्या दांडीच्या आत घुसवला. काळ्यावर काळं, कुणाला दिसत नाही. पडद्यावर आणि छपाईत प्रश्न मिटला.

गाडीसाठीचं डिझाइन ज्यांनी मांडलं त्यांच्या फाइलमध्ये अक्षरांमधलं अंतर आधीपासून 40 वर ठेवलेलं होतं, बाकीच्या साध्या मजकुरासाठी. तीच सेटिंग माझ्या फॉन्टलाही लागली. 40 मधून माझे 25 गेले, 15 उरले. 600 पॉइंटला 15 एककं म्हणजे 9 पॉइंट, तीन मिलिमीटरच्या वर फट. अक्षरं हात पुढे करून उभी आणि कुणाचा हात कुणाला लागत नाही, असं ते दिसत होतं. हे नमुना-छपाईत वेळेवर सापडलं आणि अंतर शून्यावर आणलं.

शून्यावर आणल्यावर पुढची अडचण आली, जी मी आधी सांगून ठेवायला हवी होती. विनाइल कापणाऱ्या यंत्राला काळं-पांढरं दिसत नाही, त्याला बाह्यरेषा दिसतात. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर स्वतःची पूर्ण बाह्यरेषा घेऊन येतं. जिथे जोड 25 एककं आत घुसला होता तिथे सुरीने ‘डब्ल्यू’ची रेघही कापली आणि ‘आय’ची दांडीही. जास्तीचं विनाइल सोलताना प्रत्येक जोडावरचा तो छोटा तुकडा सुटून आला. ज्या जागी अक्षरं सगळ्यात घट्ट धरलेली असायला हवीत, नेमकी तिथेच भोकं.

असंच बाह्यरेषा रंगवतानाही होतं. कुणी अक्षरांना पांढरी कड दिली की ती कड प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र फिरते, आणि जोडावर आडवी रेघ उमटते. इलाज दोन्हीकडे एकच: मजकुराचं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करायचं, मग सगळे आकार एकत्र करून एकसंध बाह्यरेषा करायची, आणि त्यानंतरच कड द्यायची किंवा कापायला पाठवायचं. काम करणाऱ्या अनुभवी माणसाला हे माहीत असतं. पण साधा फॉन्ट कापताना ही पायरी लागत नाही, त्यामुळे ती राहून जाणं अगदी स्वाभाविक आहे. जोडलिपी देणाऱ्याने ते लिहून द्यायलाच हवं. मी दिलं नव्हतं. गाडीची एक बाजू पुन्हा कापावी लागली.

एक मागणी मी शेवटपर्यंत मान्य केली नाही. समूहाच्या नावाची आद्याक्षरं त्यांना याच फॉन्टच्या मोठ्या अक्षरांत सलग हवी होती. ब्रश स्क्रिप्टची मोठी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकटं उभं राहण्यासाठी काढलेली असतात, प्रत्येकीचा पसारा मोठा. चार शेजारी ठेवली की एकमेकींच्या पायात पाय अडकतात आणि कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळत नाही. त्यांच्यासाठी त्याच ब्रशने, त्याच कलाने साधी, सुटी, ठोकळेबाज मोठी अक्षरं वेगळी लिहून दिली. ती आता फॉन्टमध्येच एका पर्यायी संचात बसवली आहेत, आणि पाहुणे कलाकारांची नावं बहुतेकदा त्यांतच लागतात.

फॉन्टसोबत आता एक पानाची सूचना जाते. त्यात चारच गोष्टी आहेत. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स चालू आहेत का पाहा. कड देण्याआधी किंवा कापण्याआधी आकार एकत्र करा. लहान मजकुरासाठी हा फॉन्ट वापरू नका, ‘ई’चा डोळा बुजतो. पानाच्या वर, सगळ्यात मोठ्या आकारात, ‘लव्हर्स’ हा शब्द छापलेला असतो. कुणाच्या संगणकावर ‘व्ही’ आणि ‘ई’च्या मध्ये पांढरा त्रिकोण दिसला, तर पुढचं काही करण्याआधी त्यांनी मला फोन करावा, एवढं त्याखाली लिहिलं आहे.